जुन्या गाडीचा पार्ट घरी ओतावा का?

जुनी गाडी अडते ती बहुतेक वेळा लहान पार्टपाशी. इंजिनाचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट, गिअर साठ-सत्तर वर्षं काढतात. झिजले तर बोअर करून, ग्राइंड करून, बुश बदलून पुन्हा उभे राहतात. हरतात ती छोटी ओतीव कामं : सिलिंडर हेडवरचं थर्मोस्टॅटचं झाकण, पाण्याच्या पंपाची बॉडी, कार्ब्युरेटरखालचा फ्लँज, दाराची मूठ, दिव्याची रिंग, काच वरखाली करायचं हँडल. ॲल्युमिनियमच्या झाकणात वर्षानुवर्षं साधं नळाचं पाणी फिरलेलं असतं, शेजारी लोखंडी बोल्ट असतो, आणि दोन धातूंच्या या सोबतीत ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. मग एखाद्या सर्व्हिसिंगला बोल्ट सोडवताना झाकणाचा कानच हातात येतो.

तो पार्ट बाजारात मिळाला तर प्रश्न मिटला. पण प्रीमिअर पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेल्या. टॅक्सी होत्या तोवर तिचे पार्ट बनवून विकणं परवडत होतं. अँबॅसडर २०१४ पर्यंत निघत होती, म्हणून तिचा साठा अजून बरा आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ऑस्टिन-मॉरिसचं, किंवा एखाद्या अमेरिकन गाडीचं, तसं नाही. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर, कुर्ल्याच्या भंगारात, पुण्यात नाना पेठेत फिरूनही जे हाती लागतं ते बऱ्याचदा तितकंच खाल्लेलं असतं. मग मालकाच्या मनात येतं, हा पार्ट मूळचा ओतलेलाच आहे, तर नवा ओतून का घेऊ नये? आणि हात चालणारा मालक असेल तर पुढचा प्रश्न येतोच : आपणच घरी का ओतू नये?

माझं मत आधी सांगून टाकतो. ओतून नवा करता येईल असे पार्ट पुष्कळ आहेत. घरच्या भट्टीत ओतावेत असे त्यातले थोडे. काही पार्ट कोणीही, कुठेही, ओतीव धातूत करू नयेत. आणि या सगळ्या उद्योगात घरी करण्याजोगं सगळ्यात मोलाचं काम आहे ते पॅटर्न, म्हणजे ज्याच्या ठशावरून साचा होतो तो नमुना, बनवण्याचं.

घरगुती ओतकामाला आज जे रूप आहे, त्याचं बरंचसं श्रेय अमेरिकेतल्या डेव्ह गिंजरी यांना द्यायला हवं. मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या या माणसाने भंगारातून स्वतःचं वर्कशॉप उभं करण्यावर सात पुस्तकांची मालिका लिहिली. पहिलं पुस्तक कोळशाच्या छोट्या भट्टीचं. त्या भट्टीत ॲल्युमिनियम वितळवायचं आणि पुढच्या पुस्तकांतून लेथ, शेपर, मिलिंग मशीन, ड्रिल प्रेस असं एकेक यंत्र स्वतः ओतून उभं करायचं. २००४ साली ते वारले, पण जगभरच्या हौशी लोकांनी परसात ज्या भट्ट्या लावल्या त्यामागे त्यांचाच धीर होता. मला ही मालिका फार मोलाची वाटते. मात्र ती वाचून गाडीकडे वळणाऱ्याने एक फरक ध्यानात ठेवायला हवा. गिंजरींचा लेथ एका जागी उभा असतो. त्याच्या बेडमध्ये एखादं छिद्र राहिलं तर फार तर काम थोडं थरथरतं. गाडीचा पार्ट रस्त्यावर पळतो, गरम-गार होतो, हादरे खातो आणि त्याच्या भरवशावर माणसं बसलेली असतात.

घरी काय वितळतं हे बरंचसं तापमान ठरवतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याचे मिश्रधातू साधारण ७०० ते ७५० अंशांना ओततात. गॅसचा बर्नर, एक ब्लोअर, सिरॅमिक वूल किंवा अग्निविटांचं अस्तर आणि ग्रॅफाइटची मूस एवढ्यावर हे साधतं. लोखंडी डब्यात ॲल्युमिनियम वितळवणारे बरेच दिसतात. पण वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंडाला हळूहळू विरघळवतं. त्याने धातू ठिसूळ होतो आणि डबा कधीतरी बुडातून जातो. पितळ आणि ब्राँझ यांना ९०० ते ११०० अंशांच्या पट्ट्यात जावं लागतं. तेही घरी होऊ शकतं. बीड ओतायचं तर १३५० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि तिथे प्रश्न केवळ उष्णतेचा राहत नाही. बिडाच्या पातळ भिंती वाळूत झटकन थंड झाल्या तर कार्बनला ग्रॅफाइट होऊन बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. बीड पांढरं, काचेसारखं कडक होतं आणि त्यावर टूल चालत नाही. हे टाळायला सिलिकॉनचं प्रमाण, ओतण्याआधी फेरोसिलिकॉनचा नेमका डोस, भिंतीच्या जाडीचा हिशेब, असं सगळं जमून यावं लागतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डसारखा बिडाचा पार्ट घरी ओतण्याचा हट्ट मला म्हणूनच अनाठायी वाटतो.

बिडाच्या बाबतीत ओतण्याच्या आधीचा एक प्रश्न असतो : नवा पार्ट खरंच हवा आहे का? चिरलेला ब्लॉक किंवा हेड थंड स्टिचिंगने सांधता येतं. चिरेच्या रेषेत एकमेकांत अडकणाऱ्या पिनांची रांग बसवत जायची, वेल्डिंगची उष्णता कुठेच द्यायची नाही. निकेलच्या रॉडने, आधी पार्ट नीट तापवून आणि नंतर सावकाश गार करून वेल्डिंगही होतं. मूळ ओतीव वाचत असेल तर ते वाचवावं. नवं ओतणं हा त्यानंतरचा मार्ग.

‘घरी’ हा शब्द आपल्याकडे कुठे लागू होतो, तेही सरळ बोलायला हवं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये परसदार असतं, स्वतंत्र गॅरेज असतं. मुंबई-पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये भट्टी लावू नये, यात दुसरं मत असूच शकत नाही. शेतावरची शेड, गावातलं मोकळं परस, स्वतःचं वर्कशॉप अशा जागाच चालतील. घरगुती १४.२ किलोचा गॅस सिलिंडर या कामाला लावणं नियमात बसत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. आणि सगळ्यात मोठा शत्रू पाणी. वितळलेल्या धातूखाली थेंबभर पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू चहूकडे उडतो. सिमेंट-काँक्रीटच्या जमिनीतही ओल असते. तिच्यावर धातू सांडला तर जमीनच फुटून उडते. म्हणून ओतायची जागा कोरड्या वाळूच्या जाड थराची असावी. भंगाराचा प्रत्येक तुकडा मुशीत टाकण्याआधी भट्टीच्या तोंडाशी तापवून कोरडा करावा, सांडशी आणि मळी काढायची पळीसुद्धा. अंगावर सुती कपडे, चामड्याचा ॲप्रन, चामड्याचे बूट, तोंडावर पूर्ण शील्ड. नायलॉन-टेरिलीन अंगाला चिकटून वितळतं.

आता धातू. घरगुती ओतकामातली निम्मी निराशा भंगार चुकीचं निवडल्याने येते. थंड पेयांचे कॅन सगळ्यांना सहज मिळतात म्हणून सुरुवात तिथून होते, पण त्यांचा पत्रा इतका पातळ असतो की बराच भाग जळून मळीतच जातो. खिडक्यांच्या स्लायडिंगचे सेक्शन दिसायला छान, पण त्यांचा मिश्रधातू दाबून काढण्यासाठी बनवलेला असतो. सिलिकॉन कमी, त्यामुळे तो साच्यात नीट वाहत नाही आणि थंड होताना कोपऱ्यात फाटतो. ओतलेल्या पार्टसाठी ओतीव भंगारच घ्यावं. जुने पिस्टन उत्तम. त्यात बहुधा बाराएक टक्के सिलिकॉन असतं आणि ॲल्युमिनियम-सिलिकॉनचं मिश्रण नेमकं त्याच प्रमाणाला सर्वांत कमी तापमानाला, ५७७ अंशांना, वितळतं. अलॉय व्हीलमध्ये बहुतेक वेळा सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. त्याला नंतर उष्णोपचार देऊन ताकद वाढवता येते. तरी माझा आग्रह असा की पाण्याचा किंवा दाबाचा पार्ट असेल तर भंगाराच्या भानगडीत पडूच नये. एलएम ६ किंवा एलएम २५ चा इनगॉट विकत घ्यावा. आपल्या फाउंड्र्यांत ही ब्रिटिश नावं अजून रोजच्या वापरात आहेत, त्यामुळे काय मागायचं ते समजावून सांगावं लागत नाही.

भंगारात एक धोका लपलेला असतो, मॅग्नेशियमचा. फोक्सवॅगन बीटलचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. काही जुन्या गाड्यांची चाकंही तशीच. दिसायला ते ॲल्युमिनियमसारखं, उचलायला आणखी हलकं. १९५५ च्या ल माँ शर्यतीत मर्सिडीजची ३०० एसएलआर प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून जास्त माणसं गेली. त्या गाडीचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं. विझवायला पाणी मारलं तसा भडका वाढत गेला आणि ती काही तास जळत राहिली. अनोळखी भंगार कानशीने घासून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे उठले तर तो तुकडा बाजूला ठेवावा आणि भट्टीजवळही आणू नये.

दाराच्या मुठी, बोनेटवरची चिन्हं, दिव्यांच्या रिंगा, कार्ब्युरेटरच्या बॉडी यांचा प्रश्न निराळा आहे. हे बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचं डाय कास्टिंग. १९२० च्या दशकात हे पार्ट फुगून, चिरा पडून आपोआप भुगा होऊ लागले तेव्हा कारण कळलं : जस्तात शिशासारखी अशुद्धी अगदी थोडी राहिली तरी दमट हवेत कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली अतिशुद्ध जस्त वापरून झॅमॅक बनवला तो यावर उपाय म्हणून. ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तकांत मझॅक म्हणून भेटतो तो हाच. किडलेल्या मझॅकला वाचवायचा मार्ग नाही. वेल्डर हात लावायला तयार होत नाही, आणि क्रोमवाला ॲसिडमध्ये बुडवतो तेव्हा उरलंसुरलंही जातं.

इथे घरचा किंवा छोट्या ओतकामवाल्याचा पार्ट मूळ पार्टपेक्षा सरस ठरतो, असं मी खात्रीने म्हणेन. दाराची मूठ मझॅकऐवजी पितळात ओतली तर वजन सुमारे सव्वापट होतं, पण ती किडत नाही, दुरुस्त करता येते आणि तिच्यावर तांबं-निकेल-क्रोमचा थर मनासारखा बसतो. महाराष्ट्रात हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. घंटा, समया, देवांच्या मूर्ती ओतणारा ओतारी समाज हे काम मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून करत आला आहे. मूर्तीचे बारकावे वाळूत किंवा मेणात उतरवणाऱ्याला बोनेटवरचा पक्षी अवघड नाही. पितळ वितळवताना मात्र एक लक्षात ठेवावं : जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, म्हणजे पितळ ओतायच्या तापमानाला त्याचा पांढरा धूर निघतच असतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हिवतापासारखी थंडी वाजून ताप भरतो. दिवसभरात उतरतो, पण म्हणून तो सोसायचा नसतो. उघडी जागा, वाऱ्याकडे पाठ आणि चांगला मास्क हवा.

जे ओतूच नये त्याबद्दल. स्टिअरिंगचे आर्म, ड्रॉप आर्म, स्टब ॲक्सल, कनेक्टिंग रॉड हे पार्ट मुळात घडवलेले, म्हणजे फोर्ज केलेले असतात. तापलेल्या पोलादाला दाबून आकार देताना त्याच्या कणांची रचना पार्टच्या आकाराबरोबर वळते आणि त्यातच त्याची ताकद असते. तोच आकार साच्यात ओतला तर डोळ्यांना फरक दिसणार नाही. तो दिसेल खड्ड्यात चाक आदळल्यावर. फोर्ज केलेला पार्ट वाकून इशारा देतो, ओतीव पार्ट सरळ तुटतो. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर मूळचे ओतीव असले तरी याच यादीत हवेत. बोअरमध्ये एक सूक्ष्म छिद्र पुरे. त्यासाठी जुन्या बॉडीत स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह बसवून घेण्याची सोय आहे आणि ती चांगली आहे. चाकं, सस्पेन्शनचे हात, क्लचच्या फिरत्या प्लेट यांनाही हाच नियम. इथे हौशीला जागा नाही.

याउलट रॉकर कव्हर, टॅपेट कव्हर, डायनॅमोचा ब्रॅकेट, पेडलचं पॅड, डॅशबोर्डचे बेझल, इनटेक मॅनिफोल्ड, थर्मोस्टॅटचं झाकण हे घरच्या ॲल्युमिनियमला योग्य. शेवटच्या दोघांत हवा किंवा पाणी कोंडायचं असल्यामुळे ते थोडा अनुभव आल्यावर घ्यावेत.

वाळूची कृती फार जुनी आणि सोपी आहे. बारीक वाळू, पाच ते दहा टक्के बेंटोनाइट, तीन-चार टक्के पाणी. मुठीत दाबून मोडली की स्वच्छ तुटावी. दोन पेट्यांमध्ये पॅटर्न ठेवून वाळू ठासायची, पेट्या उघडून पॅटर्न काढायचा, पोकळ भागासाठी कोअर बसवायचा. कोअर घरी करायला सोडियम सिलिकेट मिसळलेली वाळू आणि तीतून सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुरतो. काही सेकंदांत वाळू दगडासारखी होते. वाळूची सुकी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस करते, आणि तो बरा होत नाही. साचा मोडताना मास्क न लावणारा माणूस भट्टीपेक्षा मोठा धोका पत्करत असतो.

थर्माकोलचा पॅटर्न वाळूत तसाच ठेवून वरून धातू ओतायचा आणि थर्माकोल जाळून त्याच्या जागी धातू बसवायचा, ही रीत आज हौशी लोकांत फार लोकप्रिय आहे. तिचं मूळ पेटंट हॅरोल्ड श्रॉयर यांचं, १९५८ सालचं. पुढे जनरल मोटर्सने सॅटर्न गाड्यांची इंजिनं याच रीतीने ओतली, म्हणजे ही खेळण्यातली गोष्ट नाही. आपल्याकडे २०१८ च्या बंदीपर्यंत गणपतीची मखरं थर्माकोलमध्ये तारेने कापणारे जे हात होते, त्यांना हे काम एका आठवड्यात जमावं. पण धूर काळा आणि विषारी असतो, पृष्ठभागावर थर्माकोलचे दाणे उमटतात आणि प्रत्येक पार्टला नवा पॅटर्न लागतो. एकदाच लागणाऱ्या ब्रॅकेटला ठीक.

मात्र ओतलेला पार्ट चांगला निघतो की नाही, हे वाळूपेक्षा ओतण्याच्या हातावर ठरतं. यावर सर्वांत खोल काम केलं ते बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन कॅम्पबेल यांनी. वितळलेल्या ॲल्युमिनियमवर क्षणोक्षणी ऑक्साइडची पातळ कातडी धरते. धातू खळाळला की ती कातडी दुमडून आत जाते, तिच्या दोन कोरड्या बाजू एकमेकींना कधीच चिकटत नाहीत आणि पार्टमध्ये जन्मतःच चीर राहते. कॅम्पबेल यांचं म्हणणं असं की साच्यात शिरताना धातूचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर जाऊ नये. अर्धा मीटर वेग येण्यासाठी धातूला किती उंचीवरून पडावं लागतं? सुमारे साडेबारा मिलिमीटर, म्हणजे बोटभरही नाही. वरून धार सोडून ओतणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. धातू साच्यात खालून शिरावा, खाली येणारी नळी निमुळती असावी म्हणजे हवा ओढली जात नाही, वाटेत सिरॅमिकची जाळी असावी, मूस साच्याच्या अगदी तोंडाशी आणावी. कॅम्पबेल यांनी कॉसवर्थ या इंग्लिश इंजिन कंपनीत असताना तर पंपाने धातू खालून वर चढवण्याची पद्धत बसवली. शर्यतीच्या इंजिनांना सुदृढ हेड हवी होती ती त्यातून मिळाली.

दुसरा दोष हायड्रोजनचा. द्रव ॲल्युमिनियम घनाच्या तुलनेत सुमारे वीसपट हायड्रोजन मुरवून घेतं आणि गोठताना तो बारीक छिद्रांच्या रूपाने मागे ठेवतं. तो येतो ओलाव्यातून. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत ओतणाऱ्याला हे चांगलंच भोवतं. धातू गरजेपेक्षा जास्त तापवू नये, वितळल्यावर ताटकळत ठेवू नये, फार ढवळू नये. शक्य असेल तर आर्गॉन सोडून वायू बाहेर काढावा. तिसरा दोष आकुंचनाचा : गोठताना ॲल्युमिनियमचं आकारमान सहा-सात टक्क्यांनी घटतं, ती तूट भरून काढायला जाड भागांवर रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा, लागतो. रायझरमध्ये धातू वाया जातो असं नवख्याला वाटतं. तो पुन्हा मुशीतच जातो.

पार्ट निघाल्यावर तपासणी टाळू नये. जुन्या मिस्त्रींची एक चाचणी अजून बिनतोड आहे : एका बाजूला खडू फासायचा, दुसऱ्या बाजूला रॉकेल लावायचं आणि रात्रभर ठेवायचं. गळती असेल तिथे खडू ओला होतो. बाजारात लाल रंगाचा डाय पेनेट्रंट मिळतो, तो चिरा दाखवतो. पाण्याच्या पार्टला आंधळा फ्लँज लावून, पाण्यात बुडवून, गाडीच्या चालू दाबाच्या वर थोडा हवेचा दाब द्यावा. गळणारा पार्ट एपॉक्सीने बुजवून बसवू नये, पुन्हा वितळवावा.

या सगळ्यातून जाताना पॅटर्नचं मोल कळत जातं. पुष्कळ लोक जुना पार्टच वाळूत दाबून पॅटर्न म्हणून वापरतात. ॲल्युमिनियम थंड होताना लांबीत साधारण १.३ टक्के आखडतं; म्हणजे २०० मिलिमीटरचं झाकण अडीच मिलिमीटरहून जास्त आखूड येतं आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. बिडाला एक टक्का, पितळाला दीड टक्का. म्हणून पॅटर्न मोठा करायचा असतो. जिथे मशिनिंग होणार तिथे दोन-तीन मिलिमीटर जास्तीची जाडी ठेवायची, उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा, आतले कोपरे गोलसर करायचे, भोकं भरीव ठेवून नंतर ड्रिल करायची. सागवानात किंवा एमडीएफमध्ये हे काम सुताराच्या हत्यारांनी घरी शांतपणे होतं. ना धूर, ना गॅस, ना भाजण्याची भीती. आणि चुकलं तर लाकूड चुकतं.

थ्रीडी स्कॅनर आणि प्रिंटर यांनी सर्वांत मोठी मदत याच टप्प्यावर केली आहे. अमेरिकन दूरदर्शन कलाकार जे लेनो यांच्या गॅरेजमध्ये २००९ मध्येच १९०७ च्या व्हाइट वाफगाडीचा झिजलेला फीडवॉटर हीटर स्कॅन करून प्लास्टिकमध्ये छापला गेला आणि त्यावरून धातूचा पार्ट ओतून घेतला गेला. ऑस्ट्रेलियात १९१४ च्या ग्राँ प्रीसाठी बनलेल्या डेलाज टाइप एस गाडीचा ब्लॉक याहून पुढच्या मार्गाने झाला : मूळ ब्लॉक स्कॅन केला, साच्याची वाळूच थेट छापली आणि तीत बीड ओतलं. पॅटर्न लागलाच नाही. पोर्शेने ९५९ चा क्लचचा लिव्हर पावडरीतून लेझरने घडवला. ते मोठ्या कंपनीचं, तपासणीच्या यंत्रणेसह केलेलं काम आहे. आपण उचलायचं ते लेनो यांच्या गॅरेजमधलं. संगणकातलं मॉडेल ॲल्युमिनियमसाठी १.०१३ ने मोठं करावं, छापावं, थर घासून गुळगुळीत करावेत आणि पॅटर्न हातात घेऊन फाउंड्रीत जावं.

कारण फाउंड्री आपल्या दाराशी आहे, जी अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या हौशी माणसाला आता सहज सापडत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालचा, किर्लोस्करवाडी १९१० ची. कोल्हापुरात ऑइल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या आणि मग स्वतः बनवणाऱ्या मिस्त्रींमधून उद्यमनगर उभं राहिलं. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत देशभरच्या वाहन कंपन्यांसाठी ब्लॉक, हेड, हाउसिंग ओतले जातात. मोठ्या कारखान्यात एका पार्टसाठी कोणी साचा लावणार नाही. पण जॉबवर्क करणाऱ्या लहान फाउंड्र्या कोल्हापुरात, पुण्यात, बेळगावात आहेत. तिथे मोडका पार्ट घेऊन गेलेल्या माणसाला टोलवतात. उतार, आकुंचन, कोअर प्रिंट यांचा विचार केलेला पॅटर्न घेऊन गेलेल्याशी बसून बोलतात. आपल्याला हवा तो धातू ज्या दिवशी ओततात त्या दिवशी आपला साचा त्यांच्या रांगेत बसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी नुसतं ‘बीड’ न म्हणता एफजी २६० म्हणून सांगावं, आणि एकाऐवजी चार नग ओतून घ्यावेत. मशिनिंगमध्ये एखादा जातोच, उरलेल्यांना त्याच गाडीचे दुसरे मालक मिळतात.

नव्या पार्टवर खूण असावी की नाही, यावर मालकांत मतभेद आहेत. काहींना बनवलेला पार्ट मूळच्याशी इतका जुळायला हवा असतो की कंपनीचं नाव आणि पार्ट नंबरही तसाच उठावा. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने २०१२ मध्ये मंजूर केलेली ट्यूरिन सनद उलट दिशेची आहे : बदललेला भाग नजरेत खुपू नये, पण बारकाईने पाहणाऱ्याला ओळखू यावा. मी सनदेच्या बाजूने आहे. पॅटर्नच्या आतल्या अंगाला ओतल्याचं साल आणि एक छोटं चिन्ह बसवायला काही लागत नाही. पुढच्या मालकाला त्यातून खरी माहिती मिळते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी लागते, तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. झाकण किंवा मूठ बदलल्याने मूळ रूप बिघडत नाही. तरीही काय बदललं, कधी आणि कोणत्या धातूत, याची फोटोंसह नोंदवही ठेवलेली बरी. जुना तुटका पार्टही फेकू नये.

राहिला प्रश्न पॅटर्न कोणाकडे राहावेत याचा. लाकडात हाताने पॅटर्न करणारे कारागीर वयस्क होत चालले आहेत आणि त्यांची मुलं संगणकावर गेली आहेत. एकेका मालकाच्या माळ्यावर पडलेला पॅटर्न काही वर्षांत वाळवी खाते किंवा घर बदलताना तो जळणात जातो. फियाट, अँबॅसडर, विलीज जीप यांच्या मालकांच्या मंडळांनी पॅटर्नचं एक कपाट आणि स्कॅनच्या फायलींचा एक साठा सामाईक ठेवला, तर पुढची वीस-तीस वर्षं या गाड्या पार्टसाठी अडणार नाहीत. प्रत्येक पॅटर्नवर रंगाने लिहून ठेवावं : गाडी आणि साल, धातू, किती टक्के आकुंचन धरलंय, मशिनिंगची जास्तीची जाडी कुठे आणि किती, कोअर बॉक्स कोणता, मागच्या वेळी धातू कुठून सोडला होता आणि रायझर कुठे बसवला होता.